निमकरांचं मंदावलेलं मशीन

घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायचं काम मी सव्वीस वर्षं केलं. बेल वाजवली की दार उघडणारा माणूस आधी माझ्याकडे बघायचा आणि मग माझ्या खांद्यावरून जिन्याकडे. मेकॅनिक मागून येतोय असा त्याचा समज असायचा. "मीच आहे," असं सांगितलं की काहीजण ओशाळायचे, काहीजण "बरं, बघा जमतंय का" म्हणून आत घ्यायचे. एका आजोबांनी तर मला अर्धा तास बसवून चहा पाजला, माहेर-सासरची चौकशी केली आणि शेवटी विचारलं, "तुमचे मिस्टर गाडी लावायला फार लांब गेलेत का?" माझे मिस्टर त्या वेळी ऑफिसात डबा खात होते.

या कामात मी बरंच काही पाहिलं. मॉनिटरला थंडी वाजू नये म्हणून क्रोशाचं झबलं घालणारे पाहिले. दसऱ्याला कॅबिनेटच्या पंख्यात झेंडूची पाकळी गेली म्हणून मला घाईनं बोलावणारे पाहिले. पण सगळ्यात अवघड तक्रार कुठली असं कुणी विचारलं तर मी सांगते, "हळू चालतंय." मशीन चालूच होत नसेल तर ते समोर दिसतं. आवाज येत असेल तर ऐकू येतो. हळू म्हणजे किती हळू, हे मात्र ना गिऱ्हाइकाला सांगता येतं ना आम्हाला. मग आम्ही दोन-चार खिडक्या उघडून बंद करायच्या, मान हलवायची आणि ठेवणीतलं वाक्य काढायचं, "मशीन ठीक आहे." त्यापुढचं, म्हणजे काय ठीक नाही ते, समोरच्यानं समजून घ्यायचं.

हे वाक्य मी एकदा सदाशिव पेठेत निमकरांच्या घरी म्हणाले. त्याची ही हकिगत.

निमकर दुसऱ्या मजल्यावर राहायचे. खाली झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे जिन्यात कायम विद्यार्थी. काका एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते आणि निवृत्त झाल्यावरही त्यांचं मोजणं सुटलं नव्हतं. दूध किती मिनिटांत उतू जातं हे त्यांना तोंडपाठ असायचं. घरातला कॉम्प्युटर मात्र काकूंचा. काकूंनी आयुष्यभर एका वकिलांकडे टायपिंग केलं आणि नंतर घरी बसून विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करायला घेतले. पेठेतल्या कुठल्याही मार्गदर्शकाला विचारा, शुद्ध आणि वेळेत हवं असेल तर निमकरबाई, असं उत्तर यायचं. काकू कागदाकडे बघत, बोटं आपली चालत आणि मधूनच त्या, "तुमच्या दुसऱ्या प्रकरणात कर्ता कुठे गेलाय?" असं त्या विद्यार्थ्याला विचारत.

श्रावणात काकूंचा फोन आला. नकाशे आणि फोटो असलेले मोठे प्रबंध उघडले की मशीन अडखळतं. मी गेले, मेमरी वाढवली आणि विंडोजही नव्यानं घालायला घेतलं. ते घालताना मशीन तीनदा एकाच जागी अडकलं. मग मी आमच्या धंद्यातली एक युक्ती वापरली आणि काम पार पडलं. सोमवार होता. काकूंनी साबुदाण्याचे वडे केले होते. ते खाऊन, "आता बघा कसं पळतंय," असं सांगून मी निघाले.

पंधरा दिवसांनी काकांचा फोन.

"कांबळेबाई, मशीन हळू झालंय."

"काका, मेमरी दुप्पट केलीय. हळू कसं होईल?"

"कसं होईल ते मला ठाऊक नाही. झालंय, एवढं ठाऊक आहे."

मी गेले. खिडक्या उघडल्या, बंद केल्या. पत्त्यांचा खेळ लावून पाहिला. सगळं चालत होतं. काकू बाजूच्या खुर्चीत गप्प बसल्या होत्या. एरवी त्या माझ्या कामावर काहीतरी शेरा मारायच्या, त्या दिवशी नाही.

"मी टाइप करते आणि अक्षरं मागाहून येतात," त्या हळूच म्हणाल्या. "आधी असं नव्हतं."

"मशीन ठीक आहे," मी म्हणाले. तेवढ्यावर थांबायला हरकत नव्हती, पण मला त्या दिवशी शहाणपण सुचत होतं. "काकू, वयाप्रमाणे हात थोडा जड होतोच. माझ्या आईला आता सुई ओवता येत नाही."

"हो, असेल," काकू म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

काका माझ्याकडे बघत होते. ते फक्त "बरं" म्हणाले. पुण्यात "बरं" या शब्दाला किती धार असते हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. मला ते तेव्हा लागलं नाही.

आणखी तीन आठवड्यांनी त्यांनी पुन्हा बोलावलं. या वेळी काकू घरात नव्हत्या, भाजी आणायला गेल्या होत्या. मला वाटतं काकांनी ती वेळ मुद्दाम निवडली होती. टेबलावर चौकटीच्या कागदांची वही उघडी होती. मशीन घेतल्यापासून दर रविवारी ते बटण दाबायचे आणि पडदा तयार होईपर्यंत घड्याळ लावायचे. वर्षभर आकडा जवळजवळ तोच. मग एका रविवारी तो एकदम चढला होता आणि तिथेच राहिला होता. चढला त्याच्या आधीच्या सोमवारपुढे काकांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मेमरी वाढवली (कांबळेबाई)."

"काका, म्हणजे माझ्यामुळे हळू झालं असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी काहीच म्हणत नाही. नोंद आहे. निष्कर्ष तुम्ही काढा."

"नवीन विंडोज जडच असतं हो."

त्यांनी पान उलटलं. पुढच्या पानावर दोन रकाने होते. माळ्यावरचा जुना टाइपरायटर त्यांनी खाली काढला होता, काकूंना एकच उतारा आधी त्यावर आणि मग कॉम्प्युटरवर टाइप करायला लावला होता आणि दोन्हींचा वेळ घेतला होता. एकदा नाही, नऊ वेळा. टाइपरायटरवर काकूंचा वेग जुनाच होता. कॉम्प्युटरवर त्या मागे पडत होत्या.

"हिच्या थोरल्या बहिणीचे हात थरथरायचे," काका दाराकडे बघत म्हणाले. "तिचं असंच सुरू झालं होतं. आधी कामात मागे पडायला लागली. आता ही भाजी चिरतानासुद्धा हाताकडे बघत असते. वारज्याच्या एका बाईंचा प्रबंध निम्मा झाला होता, तोही परत केला. म्हणाली, माझ्याच्यानं व्हायचं नाही. मी तिला हे आकडे दाखवले. ती म्हणते, तुम्ही माझं मन राखायला घड्याळ मागे-पुढे करताय." मग त्यांनी वही मिटली. "पस्तीस वर्षं मी मुलांना उपकरणावरचं वाचन खरं लिहायला शिकवलं. आणि घरातच माझ्यावर कुणाचा विश्वास नाही."

आता तरी मी खाली बसून मुळापासून तपासायला हवं होतं. पण खरं सांगते, मला त्या वहीचा राग आला होता. शाळेत प्रगतिपुस्तक हातात दिल्यासारखं वाटलं. "पुढच्या आठवड्यात दुसरी हार्ड डिस्क आणून बघू," असं म्हणून मी निघाले.

दोनच दिवसांनी मार्केट यार्डात तुपेशेठच्या गुळाच्या गाळ्यावर काम निघालं. चारी बाजूंना गुळाच्या ढेपा, मध्ये टेबल, टेबलावर मशीन आणि मशीनवर मुंग्या. विंडोज नव्यानं घालायचं होतं आणि तेही मध्येच अडकायला लागलं. मी तीच युक्ती केली.

ही युक्ती काय ते आता सांगते. कॉम्प्युटरमध्ये विचार करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. त्याला लागणारी माहिती मेमरीत असते, पण मेमरी त्याच्या मानानं फार संथ. म्हणून प्रोसेसरच्या अगदी हाताशी एक छोटी, अतिशय जलद जागा दिलेली असते. वारंवार लागणारं सगळं तो तिथे ठेवतो. तिला कॅश म्हणतात. मशीन सुरू होताना डिलीटचं बटण दाबून धरलं की निळ्या पडद्यावर सेटिंगची यादी येते, त्यात ही कॅश चालू किंवा बंद करायची एक ओळ असायची. जुन्या मशीनवर विंडोज घालताना अडलं तर आम्ही ती ओळ बंद करायचो. काम संथ व्हायचं, पण पार पडायचं. ते झालं की ओळ पुन्हा चालू करायची. हल्लीच्या घरगुती मशीनमध्ये ती ओळ बहुधा सापडत नाही. माझ्यासारख्यांचा अनुभव आल्यावर कंपन्यांनी ती काढून टाकली असावी.

"म्याडम, थांबलंय का चाललंय?" तुपेशेठनी गादीवरून विचारलं.

"चाललंय, शेठ. सध्या कॅश बंद ठेवलीय, म्हणून जरा हळू."

"आवं, कॅश बंद केल्यावर धंदा हळूच व्हनार की. ह्यात काय नवीन हाय?"

हमाल हसले, मीही हसले. काम झालं. मी पुन्हा निळा पडदा आणला, त्या ओळीवर गेले आणि ती चालू करायला बोट ठेवलं. ते बोट तसंच राहिलं.

निमकरांच्या घरी मी ही ओळ चालू केली होती का?

मी तो सोमवार डोळ्यांसमोर आणला. विंडोज घातलं ते आठवलं. काकूंनी हाक मारली ते आठवलं. वडे आठवले, दह्यातली चटणीसुद्धा आठवली. निळा पडदा दुसऱ्यांदा आणल्याचं काही केल्या आठवेना. मेमरी वाढवल्याचा आनंद, नवीन विंडोजचा आनंद, आणि त्या भरात काकूंच्या प्रोसेसरची हाताजवळची जागा मी बंद करून निघून आले होते. इतर कामांत ते फारसं कळलं नसतं. पण नकाशे असलेला जाडजूड प्रबंध उघडून त्यात वेगानं मराठी टाइप करणाऱ्या बाईला ते अक्षराअक्षराला कळत होतं.

तुपेशेठचं मशीन ठीक करून मी गाडीला किक मारली. गुलटेकडीहून सदाशिव पेठेत जाईपर्यंत माझ्या डोक्यात दोन बायका भांडत होत्या. एक म्हणत होती, गुपचूप ओळ चालू कर आणि व्हायरस होता म्हणून सांग. व्हायरस ही आमच्या धंद्यातली मोठी सोय आहे. तो दिसत नाही, तो कुणाचाच दोष नसतो आणि तो काढला की आभार मिळतात. दुसरी बाई फारसं बोलत नव्हती. तिला फक्त पदराखाली गेलेले हात दिसत होते.

दार काकूंनी उघडलं. "आज कशा? काकांनी परत बोलावलं का तुम्हाला?"

"नाही. मीच आले. पाच मिनिटं बसू का मशीनवर?"

काका आतून आले आणि न विचारता घड्याळ घेऊन उभे राहिले. मी डिलीट दाबलं. निळा पडदा आला. ओळ बंद होती. मी ती चालू केली, बाहेर पडले आणि विंडोज यायची वाट पाहिली. काकांनी घड्याळ थांबवलं, आकडा बघितला आणि मला दाखवला. तो वर्षभराचा जुना आकडा होता.

"काकू, बसा जरा. काहीही टाइप करा."

"कशाला उगीच?"

"बसा ना."

त्या बसल्या. पहिली ओळ त्यांनी भीत भीत टाइप केली. दुसरी जरा वेगानं. तिसऱ्या ओळीला त्यांची बोटं जुन्या चालीवर आली आणि अक्षरं बोटांबरोबर पडद्यावर उमटत गेली. त्यांनी आठ-दहा ओळी टाइप केल्या. मग हात मांडीवर घेतले आणि तळवे उलटेसुलटे करून बघितले.

"काय केलंत?" त्यांनी विचारलं.

व्हायरस अगदी ओठावर आला होता.

"काकू, श्रावणात मी एक सेटिंग बंद केलं होतं. ते चालू करायला विसरले. तेव्हापासून मशीन मंद होतं. तुमचे हात ठीक होते. मी तुम्हाला जे बोलले ते चूक होतं."

मग मी त्यांना कॅश म्हणजे काय ते समजावू लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"कळलं. मी एक ओळ बघते, ती डोक्यात ठेवते आणि टाइप करते. शिकाऊ मुलगी प्रत्येक अक्षराला मान वळवून कागद बघते. तुम्ही माझ्या मशीनला शिकाऊ करून ठेवलंत."

इतकं चांगलं मला सांगता आलं नसतं. पुढे मी गिऱ्हाइकांना कॅश समजावताना काकूंचंच वाक्य वापरत आले.

"पण ते बंद करायची सोय ठेवलीच कशाला?" काकांनी विचारलं. त्यांना खरंच उत्सुकता होती.

"माझ्यासारख्या हुशार लोकांसाठी," मी म्हणाले.

काकू हसल्या नाहीत. "सव्वा महिना," त्या म्हणाल्या. "सव्वा महिना मी जेवताना घास हातात धरून बघत होते, हलतोय का."

काकांनी वही माझ्यापुढे ठेवली. "कारण लिहा आणि सही करा." मी लिहिलं, "कॅश बंद राहिली. चूक तंत्रज्ञाची." त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि 'तंत्रज्ञाची' मधला माझ्याकडून राहिलेला अनुस्वार पेन्सिलीनं दिला. मग वही मिटून कपाटात ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर विजयाचा लवलेशही नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

"आता वारज्याला चला," काकू म्हणाल्या. त्यांनी साडीही बदलली नाही, पर्स घेतली आणि जिना उतरायला लागल्या. माझ्या गाडीवर मागे बसल्यावर मात्र त्यांनी मला वाटेत तीनदा सांगितलं, "हळू चालवा. त्यात तुमचा हात चांगला आहे."

प्रबंध शेलारबाईंचा होता. त्या शाळेत शिकवायच्या आणि वारज्याच्या आसपासच्या जुन्या शेतांची नावं गोळा करत होत्या. त्या शेतांवर आता सोसायट्या उभ्या आहेत, पण म्हाताऱ्या माणसांना अजून एकेका तुकड्याचं नाव ठाऊक होतं, आणि ती माणसंही कमी होत चालली होती. प्रबंध द्यायला थोडेच दिवस उरले होते. काकूंनी परत दिल्यावर बाईंनी तो टायपिंगच्या एका दुकानात टाकला होता.

"बोला," काकू दारातच मला म्हणाल्या.

"ताई, काकूंचे हात ठीक आहेत," मी म्हणाले. "त्यांचं मशीन मी बिघडवलं होतं."

शेलारबाईंना कळेना, ही कोण आणि हिला एवढं वाईट का वाटतंय. काकूंनी तोवर टेबलावरचा दुकानातून आलेला गठ्ठा उचलून उभ्यानंच वाचायला घेतला होता. पहिल्याच पानावर 'चिंचेचा मळा' हा 'चिंतेचा मळा' झाला होता. काकूंनी ओठ आवळले.

"हे मी घेऊन जाते," त्या म्हणाल्या.

"काकू, पण दिवस कमी आहेत. तुम्हाला झेपेल का?"

"ते आता मशीन सांगेल," काकू म्हणाल्या आणि गठ्ठा माझ्या हातात दिला.

परत आल्यावर त्यांनी पाणीही न पिता कामाला सुरुवात केली. मी निघायला उठले, तर त्यांनी पर्समधून एक घडी केलेला कागद काढला आणि काका स्वयंपाकघरात आहेत ना, ते वळून पाहिलं. मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे दोन दिवसांनी घेतलेली वेळ त्यावर लिहिली होती. काकांना त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

"ही रद्द करायची आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्हीच करा फोन. तुमच्यावर आहे तो."

मी माझ्या मोबाइलवरून नंबर लावला. पलीकडे एक मुलगी होती. तिनं नाव विचारलं, वेळ बघितली.

"रद्द करायचं कारण काय लिहू, मॅडम?"

"निदान चुकलं होतं," मी म्हणाले.

"कुठल्या डॉक्टरांचं?"

काकूंची बोटं थांबली. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"माझं," मी म्हणाले.

काकूंनी मान फिरवली आणि पुढचं शेत लिहायला घेतलं.